बोलावल्यावर येणारे परके

लग्नाला बोलावल्याशिवाय जाऊ नये आणि मयताला बोलावण्याची वाट पाहू नये, असं आपल्याकडची जुनी माणसं सांगत. यंदाच्या अंकाचा विषय ‘परके’ ठरला, तेव्हा या रिवाजाच्या नेमकं उलट वागणारी माणसं मला आठवली. दिवाळीच्या तोंडावर अंत्यविधीच्या गोष्टी कशाला, असं काही वाचकांना वाटेल. वाटू द्या.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, टोपेका शहरात, वेस्टबरो बॅप्टिस्ट चर्च नावाचा चिमुकला पंथ आहे; बराचसा फ्रेड फेल्प्स या संस्थापकाच्या गोतावळ्याचाच. अमेरिका समलिंगी माणसांना सामावून घेते म्हणून देव कोपला आणि त्या कोपापायीच तिचे सैनिक मरतात, हा त्यांचा दावा. इराक युद्धातून शवपेट्या घरी येऊ लागल्या, तशी ही मंडळी अंत्यविधीच्या आसपास फलक घेऊन उभी राहू लागली. सैनिक मेल्याबद्दल फलकांवर देवाचे आभार मानलेले असत.

२००५ साली त्याच राज्यातल्या मलव्हेन गावचे, माजी सैनिकांच्या संघटनेतले मोटारसायकलवाले मध्ये उभे राहिले. त्यातून ‘पॅट्रियट गार्ड रायडर्स’ देशभर पसरले. चामडी जाकिटं, दणकट गाड्या, पिकलेल्या दाढ्या आणि हातात भलेमोठे झेंडे. रांग अशी धरायची की घरच्यांना फलक दिसू नयेत. घोषणा कानावर येऊ लागल्या, तर गाड्या रेस करायच्या. हुज्जत मात्र घालायची नाही. सामील व्हायला सैन्यात असावं लागत नाही, गंमत म्हणजे मोटारसायकलही असावी लागत नाही. नियम एवढाच, की घरच्यांनी बोलावलं तरच जायचं.

या नियमापाशी मी बराच वेळ थांबलो. बिनबोलावता येणं काय असतं, हे फलकवाल्यांनी दाखवून दिलंच होतं. गाड्यांचा ताफा कितीही सद्भावनेने आलेला असो, ज्या घरातलं पोर गेलं त्या घरावर तो लादता येत नाही. आपल्याकडे जवानाच्या पार्थिवामागे अख्खा तालुका लोटतो, तरुण पोरं तिरंगा लावलेल्या दुचाक्या घेऊन पुढे निघतात. उमाळा खराच असतो. पण चौथऱ्याभोवती पुढाऱ्यांची आणि उंचावलेल्या मोबाइलांची दाटी झाली, की आई कुठल्या कोपऱ्यात रेटली गेली हे कोण पाहतं?

२००६ मध्ये मेरीलँडमधल्या वेस्टमिन्स्टर इथे एका मरीन सैनिकाच्या अंत्यविधीवेळी फेल्प्स मंडळी आली. वडील कोर्टात गेले. ज्यूरीने लक्षावधी डॉलरची भरपाई दिली, ती वरच्या कोर्टात टिकली नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ असा निकाल दिला: फलक कितीही जिव्हारी लागणारे असोत, सार्वजनिक जागेवरून सार्वजनिक प्रश्नांवर मांडलेल्या मताला संरक्षण आहे. वेगळं मत एकट्या न्यायमूर्ती अलिटोंचं. मला निकाल पटतो. त्या बापासमोर उभं राहून तो पटवून देण्याची माझी मात्र छाती नाही. म्हणून तर त्या झेंड्यांच्या भिंतीचं अप्रूप. तिने कुणाचं तोंड दाबलं नाही, फक्त नजर अडवली.

फेल्प्स २०१४ मध्ये वारला. भांडणातून जन्मलेल्या संघटना भांडणाबरोबरच आटोपतात. ही आटोपली नाही. आता बोलावणं येतं ते बहुधा म्हातारपणी गेलेल्या माजी सैनिकाच्या घरून, जिथे एकही फलकवाला फिरकत नाही. रायडर्समधले बरेच जण व्हिएतनामहून परतलेले. त्यांच्या स्वतःच्या परतण्याचं फारसं कौतुक कुणी केलं नव्हतं, याचा या हौसेशी संबंध असावा.

आणि ज्याच्यामागे कुणीच उरलेलं नाही, त्याच्यासाठी बोलावणार कोण? तेव्हा दफनभूमीचे किंवा अंत्यविधी करणारे लोक निरोप धाडतात. सैन्याची दोन माणसं तरी कायद्याने यावीच लागतात. ती पेटीवरचा झेंडा घडी करून जवळच्या नातेवाइकाच्या हाती देतात. नातेवाईक नसला, तर जमलेल्या परक्यांपैकी कुणीतरी तो घेतो.

असे परके या अंकातल्या कथा-लेखांत भेटतील. काही जण फलकवाल्यांच्या पंगतीतलेही निघतील, तेही आम्ही मुद्दाम घेतले आहेत. फराळाचं ताट बाजूला ठेवून वाचा किंवा खाता खाता वाचा. दिवाळीच्या शुभेच्छा.