पळायला आधी भिंत

‘सुरतनुं जमण अने काशीनुं मरण’ ही म्हण ज्या गावाची, त्या गावात बरगड्या दिसणारं कुत्रं पाळणं हा जवळजवळ सामाजिक गुन्हा आहे. हरणीला घेऊन मी खाली उतरते आणि चौकशी सुरू होते. पानवाला विचारतो, “बेन, आने खवडावता नथी के शुं?” डिंडोलीत निम्मं खानदेश राहतं, त्यामुळे तोच प्रश्न पुढच्या वळणावर अहिराणीतून येतो: “खावाले देतस का नही तिले?” दूधवाल्या भाभी बोलत नाहीत, नुसती जीभ चुकचुकतात. ते जास्त लागतं.

हरणी कारवान जातीची. नणंदेचं सासर जत तालुक्यात, तिथल्या शेतावरून ती आली. इथे मात्र सगळे तिला ग्रेहाउंडच म्हणतात आणि मी दुरुस्त करायचं सोडून दिलं आहे, कारण चूक फार मोठी नाही. वेसूला एक कापडवाले पाजी आहेत, त्यांच्याकडे खरा ग्रेहाउंड आहे, शेरू. दोघांना शेजारी उभं केलं तर शेरू हाडापेराने मोठा, पण घडण तीच: निमुळतं तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट, लांब पाय. वासावर नाही, नजरेवर शिकार करणारी ही मंडळी. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं हे त्यांच्या तब्येतीचं लक्षण आहे. त्या दिसेनाशा झाल्या की काळजी करायची, कारण वाढलेलं वजन त्या काडीसारख्या पायांवर येतं. हे मी पानवाल्याला समजावलं होतं. त्याने ऐकून घेतलं आणि हरणीला एक बिस्किट दिलं.

खाण्याची खरी लढाई घराबाहेरच असते. जतकडे या कुत्र्यांना ज्वारीची नाहीतर मक्याची भाकरी दुधात कुस्करून घालतात, कधी अंडं, कधी घरात शिजलं असेल तर मटणाची हाडंकुडं. माझ्या सासूबाईंनी त्यात कळण्याच्या भाकरीची भर घातली. भाकरी ठीक, पण नुसत्या भाकरीवर अंगात मांस धरत नाही, म्हणून रोज उकडलेली कोंबडी किंवा अंडी, थोडा भात, वरून दही. शिजवलेलं हाड आम्ही देत नाही, त्याच्या अणकुच्या होतात. कोंबडीचं पातेलं वेगळं आणि ते मागच्या गॅलरीतल्या शेगडीवर चढतं. आमची इमारत मिश्र वस्तीची, म्हणून चालून जातं. पूर्वी घर शोधत होतो तेव्हा एका सोसायटीत कुत्र्याला हरकत नव्हती, कुत्र्याच्या जेवणाला होती.

सुरतेचं खाणं कुत्र्यासाठी घातक आहे, हे वाक्य सुरतेत बसून लिहायला जरा धीर लागतो. पण सेव-खमणीत लसूण, लोच्यावर कांदा, आणि कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मनुका आणि द्राक्षं मूत्रपिंडाला बाधतात. चांदनी पडव्याला तर घरोघरी घारी, म्हणजे मावा, साखर आणि वरून गोठलेलं तूप. माणसं ती रस्त्याकडेला चटया टाकून खातात आणि प्रेमाने शेजारच्या कुत्र्यालाही भरवतात. एवढं तूप एकदम पोटात गेलं की स्वादुपिंड सुजतं, मग सलाईन आलं. त्या दिवशी हरणी घराबाहेर पडते ती तोंडाला जाळी लावून. लोकांना वाटतं ती चावते. वाटू दे.

दुसरा नियम वेळेचा. खोल छातीच्या कुत्र्याने भरल्या पोटी उड्या मारल्या तर पोटात गॅस भरून आख्खं जठर पीळ बसल्यासारखं फिरू शकतं, आणि तसं झालं तर हातात काही तासच असतात. म्हणून आधी धाव, मग दम जिरेपर्यंत विश्रांती, मग जेवण, आणि जेवणानंतर पुन्हा लोळण. लोळण्याबद्दल हरणीला सांगावं लागत नाही. पळण्यासाठी प्रसिद्ध असलेली ही जात दिवसाचे सोळा-सतरा तास सहज झोपून काढते. कुणी पाहुणे आले की ‘कुठाय तुमचं वाऱ्यासारखं कुत्रं?’ म्हणून विचारतात आणि ती दिवाणावर चार पाय वर करून पडलेली असते.

आता धाव. ग्रेहाउंड ताशी 65 ते 70 किलोमीटर वेगाने पळतो. एका ढांगेत त्याचे चारही पाय दोनदा जमीन सोडतात: एकदा अंगाखाली गोळा झालेले असताना आणि एकदा पुढे-मागे ताणलेले असताना. चित्त्याचंही तसंच. काही सेकंदांत पूर्ण वेग, आणि अर्ध्या-एक मिनिटात खेळ खलास. लोकांचा समज असा, की अशा कुत्र्याला रोज मैलोन् मैल पळवावं लागत असणार. तसं नाही. सकाळ-संध्याकाळ साधा पट्ट्यावरचा फेरफटका आणि आठवड्यातून दोन-तीनदा मोकळी धाव एवढ्यावर ती खूश असतात. पण ती मोकळी धाव आणायची कुठून?

पट्टा सोडला की या कुत्र्याला दूरवरची मांजर दिसते, आणि मांजर दिसली की कान बंद. मग तुम्ही मराठीत ओरडा नाहीतर गुजरातीत. रस्ता, रिक्षा, टेम्पो त्याच्या नजरेत नसतातच. लांब दोरी लावून सोडावं असं अनेकांना सुचतं आणि तो सगळ्यांत वाईट उपाय आहे: पूर्ण वेगातलं कुत्रं दोरीच्या टोकाला पोचतं तेव्हा झटका मानेला बसतो. पाजींनी शेरूला डुमसच्या किनाऱ्यावर सोडून पाहिलं होतं. तिथे घोडे, उंट, भजीच्या गाड्या आणि या सगळ्यावर आपला हक्क सांगणारी गावठी कुत्री. सुवाळीला गर्दी कमी, पण तिथेही किनाऱ्याला दार नाही.

सुरतेने यावर नकळत एक सोय करून ठेवली आहे. शहर वाढतंय त्या बाजूला, आमच्याकडे डिंडोलीपलीकडे खरवासाच्या अंगाला, भिंत घालून ठेवलेले प्लॉट पडून असतात. भाव चढायची वाट पाहणारे. त्यातल्या एकाच्या मालकाची परवानगी पाजींनी मिळवली आणि रखवालदाराशी आमचा चहा-बिडीवर सलोखा आहे. उजाडता उजाडता आम्ही तिथे पोचतो. कुत्री बांधलेली राहतात आणि आधी आम्ही दोघं तो प्लॉट पायाखाली घालतो. मी डाव्या भिंतीकडून, पाजी उजवीकडून, हातात सिमेंटची रिकामी गोणी. सळईचे तुकडे, फरशीच्या कपच्या, बाटलीच्या काचा, बांधकामाची तार. तार सगळ्यांत वाईट, ती गवतात दिसत नाही, पायाने चाचपावी लागते. उत्तरायणानंतर पंधरा-वीस दिवस मांजाची गुंडाळी निघते. काचेची पूड लावलेला तो सुरती मांजा पतंगाइतकाच पाय कापायलाही पक्का आहे. इतर कुत्र्यांना ओरखडा उठेल तिथे यांची कातडी उभी फाटते, इतकी ती पातळ. केस तोकडे, खाली चरबी नाही. खड्डा दिसला की त्यात पायाने माती लोटायची, कारण त्या वेगात खड्ड्यात गेलेला पाय मोडतोच.

मग कडी काढायची. हरणी भिंतीच्या कडेकडेने मोठी वर्तुळं घेते, शेरू आतून कोन कापून तिला गाठू पाहतो. वळणावर दोघं इतकी कलतात की आता पडणार असं वाटतं. माती उडते. रखवालदार बिडी विझवून उभा राहतो. तीन-चार फेऱ्या, आणि दोघं सावलीत आडवी. वेचायला आम्हाला लागलेला वेळ आणि त्यांना पळायला लागलेला वेळ यांचा हिशेब मी एकदाच केला आणि पुन्हा करणार नाही असं ठरवलं.

शिकवणंही याच भिंतीच्या आत. जर्मन शेफर्डसारखी ही जात हुकूम झेलत नाही. एकच गोष्ट चार वेळा करून घेतली की पाचव्यांदा ती तुमच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करते. ‘बस’ म्हणायचा आग्रह तर मी सोडलाच. मांड्यांच्या त्या स्नायूंवर बसणं त्यांना सुखाचं नसतं, उभी राहतात नाहीतर सरळ आडवी होतात. शिकवायची खरी गोष्ट एकच, बोलावल्यावर परत येणं. त्यासाठी शिट्टी, आणि शिट्टीबरोबर दर वेळी उकडलेल्या कलेजीचा तुकडा, तोही न चुकता. आधी घरात, मग जिन्यात, मग प्लॉटवर. आवाज चढवला की संपलं, दिवसभर रुसवा. आणि एवढं करूनही मी तिला उघड्यावर सोडत नाही. पट्टाही साधा चालत नाही, कारण यांचं डोकं मानेपेक्षा अरुंद, मागे सरकली की पट्टा हातात आणि कुत्रं रस्त्यावर. ओढल्यावर थोडा आवळणारा रुंद मार्टिंगेल पट्टा लागतो.

या कुत्र्यांचं मूळ काम गेलं, हे विसरून चालत नाही. जत, सोलापूर, मुधोळच्या माळांवर ती सशामागे धावायची. 1972च्या वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, आणि झालं ते बरंच. तिकडे अमेरिकेत ओवेन पॅट्रिक स्मिथ याने यंत्राने पळणारा नकली ससा केला, 1919 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिलला त्याचा ट्रॅक सुरू झाला, 1926 मध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यूला शर्यत लागली आणि ग्रेहाउंड हा सट्ट्याचा प्राणी झाला. आता तेही ओसरतंय. फ्लोरिडाने 2018 मध्ये मतदान घेऊन शर्यती बंद करायचं ठरवलं, न्यूझीलंडने 2024च्या डिसेंबरात तशीच घोषणा केली. आपल्याकडे मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जी जात सांभाळली तिचं 2005 मध्ये टपाल तिकीट निघालं, मेरठला लष्कराने ती प्रशिक्षणाला घेतली, 2020 मध्ये पंतप्रधान ‘मन की बात’मध्ये देशी कुत्र्यांबद्दल बोलले. त्यानंतर पिल्लांना मागणी आली. अभिमान वाटायला हरकत नाही, पण बाराव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मुधोळ नेणाऱ्याला मी आधी विचारते, सोडणार कुठे? उत्तर बहुधा ‘गच्चीवर’ असं येतं. गच्चीच्या कठड्यावर कबुतर बसतं, ते त्यांच्या लक्षात नसतं.

पावसाळ्यात प्लॉटही बंद. चिखलात पाय घसरतो, आणि दक्षिण गुजरातेत लेप्टोस्पायरोसिस दर पावसाळ्यात डोकं काढतो. उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात, पाण्यातून कुत्र्यात, तिथून माणसातही. त्याची लस दर वर्षी घ्यायची, विसरायची नाही. गोचीड-ताप हा दुसरा शत्रू. इथे ग्रेहाउंडवाल्यांनी एक गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगावी: या जातीच्या रक्तात प्लेटलेट मुळातच कमी असतात आणि तांबड्या पेशी जास्त. कागदावरचा आकडा इतर कुत्र्यांच्या मापाने वाचला तर निरोगी ग्रेहाउंड आजारी ठरतो. भूल देतानाही यांचा हिशेब वेगळा, काही जुन्या औषधांतून ती फार उशिरा शुद्धीवर येतात. शेरू ठणठणीत होता तेव्हाच पाजींनी त्याचं रक्त तपासून तो कागद फाइलला लावून ठेवला. मला ते फार आवडलं. नवसारीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, अडीअडचणीला ते जवळच.

बागांच्या फाटकावर कुत्र्यांना मनाई असते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. लहान मुलं खेळतात तिथे हरणीने झेप घ्यावी असं मलाही वाटत नाही. पण पुरुषभर उंचीची भिंत आणि एकामागे एक दोन दारं असलेला एक तुकडा एवढ्या शहरात कुठेतरी कुत्र्यांसाठी असावा. लेस्टरला राहणारी माझी मावसबहीण तिच्या निवृत्त शर्यतीच्या ग्रेहाउंडसाठी असं कुंपणाचं शेत तासाच्या भाड्याने घेते. तिकडे शेतकऱ्यांचा तो जोडधंदाच झाला आहे. आमच्या प्लॉटवर एक ना एक दिवस इमारत उभी राहणार, हे सुरतेत वेगळं सांगायला नको.

हे मी पाजींना सांगितलं आणि त्यांच्यातला कापडवाला जागा झाला. कामरेजच्या बाजूला जागा, भिंत, एक बोअर, एक माणूस, अर्ध्या तासाला दोनशे रुपये. खिशातल्या बिलाच्या पाठीवर त्यांनी सगळं मांडलं. मी म्हटलं, अर्धं मिनिट तर पळतात, बाकीच्या साडेएकोणतीस मिनिटांचे पैसे गिऱ्हाईक कशाबद्दल देणार?

“सफाई के,” पाजी म्हणाले. “खुद करनी हो तो सौ.”