सुर्खाब पाहिलाय का कुणी?

१८ वर्षं मी उर्दू आणि मराठी शिकवते आहे. 'सुर्खाब के पर लगना' हा मुहावरा दरवर्षी शिकवते. अर्थ सांगते (मराठीत आपण 'त्याला काय सोनं लागलंय?' म्हणतो तसाच), वाक्यात उपयोग करून घेते, पेपरात दोन गुणांना विचारते. मागच्या वर्षी आठवीतली एक मुलगी उठून म्हणाली, "टीचर, सुर्खाब दिखता कैसा है?" मी म्हणाले, "एक खूबसूरत परिंदा है." ती खाली बसली. पण हे काही उत्तर नव्हे, हे मला वर्गातच कळलं होतं.

भुसावळकडच्या एका पक्षीनिरीक्षकांना फोनवर विचारलं, तर ते हसले. "सुर्खाब म्हणजे आपला चक्रवाक. हिवाळ्यात हतनूरला या, दाखवतो." संस्कृत काव्यात रात्री ज्या जोडीची ताटातूट होते, तोच हा पक्षी. मी एका तासाला चक्रवाक शिकवत होते आणि दुसऱ्या तासाला सुर्खाब, आणि दोन्ही एकच आहेत हे मला ठाऊक नव्हतं.

म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी, फज्रनंतर, मिनीबस करून २६ मुलांना घेऊन हतनूर गाठलं. वरणगावच्या पुढे तापीवरचं हे धरण आपल्याला बातम्यांतून माहीत असतं. पावसाळ्यात 'हतनूरचे ४१ दरवाजे उघडले' एवढीच त्याची ओळख. हिवाळ्यात ते काय असतं, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिलंय?

सरांनी आधी नियम सांगितले. ओरडायचं नाही, पळायचं नाही, पक्ष्यांकडे बोट नाचवायचं नाही. मग दुर्बीण हातोहात फिरली. काळ्या अंगाचे, कपाळावर पांढरा टिळा असलेले पक्षी थव्याने पोहत होते. त्यांचं नाव वारकरी. "पंढरपूरला निघाले वाटतं," एक पोरगा म्हणाला आणि नियम मोडून सगळे हसले. थापट्या बदक चमच्यासारखी चोच पाण्यात फिरवत होतं. मग डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस दिसले, पट्टकदंब. हिमालय ओलांडून येतात हे. परत फिरताना शेताच्या बांधावर तुरेवाला हुदहुद दिसला. मकतबात सुलेमान अलैहिस्सलामांच्या किश्श्यात ज्याचं नाव ऐकलं, तो खराखुरा पक्षी आपल्या केळीच्या मुलखात किडे टिपतो, हे पाहून मुलं गप्पच झाली.

आणि सुर्खाब? गाळाच्या पट्ट्यावर एक जोडी उभी होती. विटकरी-नारिंगी अंग, फिकट डोकं. उडाले तेव्हा पंखांत पांढरं चमकलं. सुर्ख म्हणजे लाल, आब म्हणजे पाणी. हा शब्द मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.

सरांनी गाळाचीही गोष्ट सांगितली. हतनूर गाळाने भरत चाललंय, हे पाटबंधारे खात्याचं दुखणं आहे. पण त्याच गाळाने पाणी उथळ झालं, पाणवनस्पती वाढल्या, म्हणून बदकं इथे उतरतात. निफाड तालुक्यातलं नांदूर मधमेश्वर असंच, गोदावरीवरच्या बंधाऱ्याच्या गाळातून घडलेलं. आज ते राज्यातलं पहिलं रामसर क्षेत्र आहे आणि गावातली पोरं तिथे गाईड म्हणून कमावतात. पाणथळ जागांचा जागतिक करार १९७१ साली इराणमधल्या रामसर गावी झाला, म्हणून हे नाव. हतनूरच्या वाट्याला तो मान अजून आलेला नाही. शिवाय २०१७ च्या केंद्राच्या पाणथळ नियमांमधून सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत. म्हणजे तिथली जाळी, काठावरची शेती, पाण्यात मिसळणारी खतं यांकडे लक्ष कोण देणार? ज्यांनी ती जागा पाहिलीय आणि जे तिला आपली मानतात, तेच. त्यात आपली मुलं नकोत का?

आपण सलीम अलींचं नाव अभिमानाने घेतो. त्यांचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर, महाराष्ट्रात पक्षी दिन म्हणून पाळतात. शाळेत फोटोला हार घालतो. पण त्यांची सुरुवात कशी झाली? लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही खाणं जायज आहे का, असा प्रश्न पोराला पडला. मामा अमीरुद्दीन तय्यबजींनाही पक्षी ओळखता येईना. त्यांनी "चल, सोड" म्हटलं नाही, चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे पाठवलं. माझ्या मते त्या गोष्टीतला मोठा माणूस तो मामा आहे. त्याने प्रश्न दाबला नाही, पोराला बाहेर पाठवलं.

आता मनाला लागलेली गोष्ट सांगते. त्या २६ मुलांत मुली फक्त ७ होत्या. आणि जिने प्रश्न विचारला होता, ती नव्हती. मी घरी गेले होते. अब्बा अदबीने बोलले, चहा पाजला. "टीचर, परिंदे तो अपने मोहल्ले में भी हैं. अगले साल देखेंगे." पैशांचा प्रश्न नव्हता, माणशी १५० रुपयेच होते. मी सोबत असणार होते, संध्याकाळच्या आत परत यायचं होतं. तरी नाही. सोमवारी तिने विचारलं, "टीचर, कैसा था?" मी फळ्यावर रंगीत खडूने काढून दाखवलं. पुन्हा तेच, वर्गातलंच उत्तर.

आपण मुलींना शिकवतो, हे खरं आहे. निकालात त्या पुढे असतात. पण शिकणं वर्गाच्या भिंतीपाशी थांबवतो. मुलगा पाण्याकाठी जाऊन पाहतो, मुलगी वहीत उतरवून घेते. हा फरक कुठल्याही किताबात लिहिलेला नाही, आपणच पाडलाय.

येत्या जानेवारीत मी पुन्हा बस करणार आहे. या वेळी मुलींच्या आयांनाही बोलावणार आहे, डबा घेऊन. एकीला विचारलं, तर म्हणाली, "मैंने तो शादी के बाद डॅम देखाच नहीं." तुमच्यापैकी जे शाळांच्या कमिटीवर आहेत, त्यांनी सहलींच्या यादीत वॉटर पार्कच्या शेजारी हतनूरचं नाव लिहावं. आणि जे बाप आहेत, त्यांनी यंदा 'अगले साल' म्हणू नये. ती मुलगी आता नववीत आहे. पहिलं नाव मी तिचंच लिहिलंय.