लहरी उन्हाळा आणि कडू दुधी

चैत्र सरत आला की परसबाग असलेल्या प्रत्येक घरात एकच विचार सुरू होतो : आता दोन महिने ही हिरवाई टिकवायची कशी? पूर्वी या प्रश्नाचे उत्तर तुलनेने सोपे होते. ऊन चढत जाणार, वैशाखात ते असह्य होणार, मध्येच एखादा वळीव माती भिजवून जाणार आणि मृगाच्या सुमारास पाऊस सुरू होणार, असा क्रम ठरलेला असे. आता तो क्रम राहिलेला नाही. २०२५ सालचा मे महिना आठवून पाहा. ऐन उन्हाळ्यात राज्याच्या अनेक भागांत पाऊस पडत राहिला. मोसमी पाऊस केरळात १ जूनऐवजी २४ मे रोजी पोहोचला आणि मुंबईत ११ जून या सरासरी तारखेऐवजी २६ मे रोजीच दाखल झाला. पाऊस आला म्हणून ज्यांनी घाईने बी टोचले, त्यांना जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पुन्हा झारी हाती घ्यावी लागली.

शोभेची झाडे अशा हवेत कोमेजली, तर आपण थोडे हळहळतो आणि विसरतो. भाजीचे तसे नसते. उन्हाने भाजीवर केलेला परिणाम थेट आपल्या ताटात येतो. हे मला एका दुधी भोपळ्याने शिकवले.

आमच्या गच्चीवर एका पिंपात दुधीचा वेल लावलेला होता. एप्रिलच्या अखेरीस एका लग्नासाठी आम्ही पाच दिवस परगावी गेलो. पाणी घालण्याचे काम शेजारच्या मुलाकडे सोपवले होते. त्याने ते दोन दिवस केले आणि पुढे परीक्षेच्या गडबडीत ते राहून गेले. आम्ही परतलो तेव्हा वेलाने माना टाकल्या होत्या. भरपूर पाणी मिळताच तो सावरला आणि त्यावरचे दोन दुधीही बघता बघता वाढले. माझ्या सासऱ्यांचा रोज सकाळी दुधीचा रस घेण्याचा नेम होता. त्या दिवशीचा रस त्यांना कडू लागला. "औषध कडूच असायचे," असे म्हणत त्यांनी अर्धा पेला संपवला. तासाभरातच मळमळ, उलट्या आणि पोटात कळा सुरू झाल्या. रक्तदाब उतरलेला पाहून डॉक्टरांनी त्यांना एक रात्र रुग्णालयात ठेवून घेतले. ते बरे होऊन घरी आले. मात्र घरी पिकवलेले, रासायनिक फवारणी न केलेले, म्हणजे निर्धोकच, ही माझी समजूत त्या रात्री कायमची गेली.

कडवटपणा येतो कोठून?

दुधी, काकडी, दोडका, भोपळा ही सारी एका कुळातील मंडळी. किडींपासून आणि जनावरांपासून स्वतःचे रक्षण करण्यासाठी या कुळातील वनस्पती कुकरबिटासिन नावाची कडू द्रव्ये तयार करतात. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या कमी कडू फळांचे बी राखून या भाज्या खाण्याजोग्या केल्या. तरीही ती जुनी शक्ती वेलात शिल्लक असते. तीव्र ऊन, पाण्याची ओढ, पाण्यातील मोठे चढउतार असा ताण पडला, की तोच वेल कडू फळे देऊ शकतो. वेलाकडे पाहून किंवा फळाच्या रंगरूपावरून हे ओळखता येत नाही. ओळखण्याचा एकच मार्ग आहे : चव.

कडू दुधीचा रस प्यायल्याने मृत्यू झाल्याच्या घटना आपल्या देशात घडलेल्या आहेत. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञांकडून या प्रश्नाचा अभ्यास करवून घेतला. त्यातून पुढे आलेल्या सूचना प्रत्येक स्वयंपाकघरात पाळल्या जाव्यात अशा आहेत. रस काढण्यापूर्वी दुधीचा लहान तुकडा चाखावा. तो कडू लागला तर थुंकून टाकावा आणि ते फळ फेकून द्यावे. दुधीच्या रसात दुसऱ्या कोणत्याही भाजीचा रस मिसळू नये, कारण त्यामुळे कडू चव झाकली जाते. रस प्यायल्यावर मळमळ, उलट्या, जुलाब किंवा अस्वस्थता जाणवल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. या विषावर खास असा उतारा नाही. वेळेवर मिळालेले उपचारच रुग्णाला तारतात.

शिजवल्याने हा कडूपणा नाहीसा होत नाही, हेही लक्षात असू द्यावे. काकडीचे टोक कापून घासले आणि फेस काढला की कडूपणा उतरतो, असे आपल्याकडे मानतात. त्यावर विसंबू नये. कडू काकडी सरळ टाकून द्यावी. कारल्याचा कडूपणा वेगळ्या द्रव्यांचा आणि त्याच्या स्वभावातलाच असतो, त्यामुळे त्याला हा नियम लागू नाही. आणि ज्या वेलाला कडू फळ आले, त्याचे बी पुढील वर्षासाठी कधीही राखू नये.

पाणी : थोडे, पण नेमाने

या साऱ्याचा बागेसाठी अर्थ एवढाच, की उन्हाळ्यात पाण्याच्या प्रमाणाइतकेच त्याच्या सातत्याला महत्त्व आहे. दोन दिवस कोरडे आणि तिसऱ्या दिवशी धो धो, हा प्रकार कोणत्याच भाजीला मानवत नाही. टोमॅटोची फळे अशा वेळी तडकतात. अनियमित पाण्यामुळे झाडाला मातीतील कॅल्शियम नीट उचलता येत नाही आणि फळाचा बुडखा काळा पडतो.

पाणी सकाळी लवकर घालावे. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे आणि ओल लागत नसेल तरच झारी उचलावी. मातीवर पालापाचोळा, वाळलेले गवत किंवा उसाचे चिपाड यांचे दोन-तीन इंचांचे आच्छादन द्यावे. बाहेरगावी जायचे असेल, तर न रंगवलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत कुंडीत किंवा वाफ्यात पुरावे, पाण्याने भरावे आणि तोंडावर घट्ट झाकण ठेवावे. माती कोरडी होईल तसे पाणी पाझरते. आमच्या दुधीच्या पिंपात आता असे मडके कायमचे आहे.

कोणाला सावली, कोणाला ऊन

दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रही उबदार असली, की टोमॅटोचे परागकण निकामी होऊन फुले गळू लागतात. अशा वेळी खत वाढवून काही साधत नाही. निम्मे ऊन अडवणारी हिरवी जाळी दुपारपुरती बांधावी आणि हवा निवळण्याची वाट पाहावी. कोथिंबीर, पालक, मेथी यांना हा ऋतू सोसत नाही. त्या लवकर फुलोऱ्यावर येतात. त्यांच्या जागी माठ, राजगिरा, अंबाडी, मायाळू लावावेत. भेंडी, गवार आणि चवळी यांनाही ऊन मानवते. माठ तर साधारण महिनाभरात ताटात येतो.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीच्या रोजच्या आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात. चौघांच्या कुटुंबाला म्हणजे दिवसाला दीड किलोहून अधिक. गच्चीवरची बाग ही गरज भागवू शकत नाही आणि तिच्याकडून तशी अपेक्षाही नसावी. आठवड्यातून दोनदा घरची ताजी पालेभाजी मिळाली, तरी उन्हाळ्यात ते पुष्कळच आहे.

अवचित पावसानंतर

वळीव पडून गेला की प्रथम कुंड्यांच्या तळाची छिद्रे मोकळी आहेत ना, ते पाहावे. साचलेल्या पाण्याने मुळे कुजतात. मोडलेल्या फांद्या आणि गारांनी फाटलेली पाने स्वच्छ कात्रीने काढून टाकावीत. कुंड्यांखालच्या ताटल्या, रिकाम्या बादल्या, झारी यांतील पाणी लगेच ओतून द्यावे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत त्यांतून नवे डास बाहेर पडतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस ताटल्या घासून कोरड्या करण्यासाठी ठरवूनच ठेवावा. आणि एका पावसावर विसंबून पावसाळी भाज्यांचे सगळे बी एकदम पेरू नये. निम्मे पेरावे, निम्मे डब्यात राखावे.

आणि आपण स्वतः

बागेची काळजी घेताना माळ्याचा विसर पडू नये. दुपारी बारा ते चार या वेळात गच्चीवरचे कोणतेही काम इतके तातडीचे नसते. डोक्यावर टोपी किंवा ओला पंचा आणि जवळ पाण्याची बाटली असावी. घरातील ज्येष्ठांनी गच्चीवर एकट्याने जाऊ नये. चक्कर, डोकेदुखी किंवा मळमळ वाटू लागताच काम सोडून सावलीत यावे.

माझ्या सासऱ्यांनी आता रसाचा नेम सोडला आहे, वेलाचा मात्र सोडलेला नाही. रोज सकाळी मडक्यात पाणी भरण्याचे काम त्यांच्याकडेच असते. दुधी चिरायला घेतला की पहिला तुकडा मी चाखते. आपणही आज स्वयंपाकाला लागण्यापूर्वी एवढे कराच. दुधी बाजारातला असो वा आपल्या मांडवावरचा, त्याला एका तुकड्याची परीक्षा द्यावीच लागेल.