उत्तरार्धाची शिदोरी



परीक्षा संपत आल्या की मैदानं भरू लागतात. आमच्या कोल्हापुरात तर विचारूच नका! शाहू स्टेडियमवर मॅच असली की आख्खी पेठ तिकडं लोटते. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल... मोठ्यांची मॅच संपते आणि गल्लीतल्या छोट्यांची सुरू होते. दोन विटा ठेवल्या की झाला गोल!

आता एक गंमत बघा. या संघांच्या नावापुढे 'तालीम मंडळ' असं असतं. तालीम म्हणजे कुस्तीची जागा. कोल्हापूरचा फुटबॉल असा लाल मातीच्या शेजारी वाढला. त्यामुळे फुटबॉल खेळणाऱ्या पोराला खाण्यापिण्याचा सल्लाही पुष्कळदा पैलवानाचाच मिळतो. "थंडाई पी, बदाम खा, दुधात तूप घाल. बघ, कसा पळतोस ते!"

सल्ला प्रेमाचा असतो, पण खेळ कोणता ते आधी पाहायला हवं ना? आजची आंतरराष्ट्रीय कुस्ती दोन डावांची असते, तीन-तीन मिनिटांची. म्हणजे सगळी मिळून सहा मिनिटं. फुटबॉलचा मोठ्यांचा सामना ९० मिनिटांचा. त्यात अव्वल दर्जाचा खेळाडू साधारण १० ते १२ किलोमीटर अंतर कापतो. कधी चालत, कधी धावत, कधी जीव खाऊन पळत. तुमचे सामने लहान असतात, मैदानही लहान असतं. पण धावपळीची जात तीच. म्हणून फुटबॉलपटूच्या पोटाचं गणितही वेगळं.

स्नायूंमधली कणगी

आजोळी कणगी पाहिली आहे का? सुगीला धान्य भरून ठेवायचं आणि वर्षभर लागेल तसं काढायचं. आपल्या शरीरातही अशी कणगी असते. भाकरी, पोळी, भात, पोहे, केळं, रताळं, गूळ यांच्यापासून शरीर साखर तयार करतं. लागेल तेवढी वापरतं आणि उरलेल्या साखरेतला काही भाग स्नायूंत आणि यकृतात साठवून ठेवतं. या साठ्याचं नाव ग्लायकोजेन. जोरात धावताना मुख्यतः हाच साठा खर्च होतो.

बेंग्ट साल्टिन नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञांचा फुटबॉलपटूंवरचा एक अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध झाला. सामना सुरू होतानाच ज्यांच्या मांडीच्या स्नायूंत हा साठा कमी होता, त्यांची कणगी मध्यंतरापर्यंत जवळजवळ रिकामी झाली होती. ते खेळाडू एकूण अंतर कमी धावले आणि चालले मात्र जास्त.

म्हणजे बघा, उत्तरार्धात पाय जड होतात तेव्हा "दम नाही रे तुझ्यात" असं म्हणून चालत नाही. दम असतो, शिदोरी संपलेली असते.

आमच्या सातवीच्या वर्गात एक मुलगा आहे. चेंडू त्याच्या पायाला जणू चिकटतो. पण मध्यंतरानंतर तो मैदानात नुसता उभा राहायचा. पोरं चिडवायची, "याची बॅटरी डाऊन!" एकदा मी त्याला विचारलं, "आज काय खाल्लंस?" तो म्हणाला, "सकाळी चहा-बटर. मॅच आहे म्हणून दुपारी जेवलोच नाही. पोट हलकं असलं की जोरात पळता येतं." त्याची आई पहाटेच कामाला जाते. डबा करून ठेवते, पण तो डबा तसाच घरी परत जायचा. मुलांनो, अशा मुलाला चिडवायचं नाही. त्याला जेवायला बसवायचं.

चारची मॅच, मग जेवण कधी?

समजा, मॅच दुपारी चारला आहे.

तयारी आदल्या रात्रीपासूनच सुरू होते. रोजचं जेवण पोटभर करा. भाकरी किंवा भात, आमटी, एखादी भाजी. कणगी एका तासात भरत नाही.

मॅचच्या दिवशी साडेबारा-एकच्या सुमारास जेवा. वरण-भात, पोळी-भाजी, थोडं दही. आमच्याकडं मिसळ आणि तांबडा-पांढरा रस्सा म्हणजे जीव की प्राण! पण तो बेत मॅचनंतर. तेल, तूप आणि तळलेले पदार्थ पोटात जास्त वेळ रेंगाळतात. दूध, बदाम, तूप घातलेली थंडाई मॅचआधी प्यायलात तर चेंडू पुढं आणि ढेकर मागं, अशी गत व्हायची!

तीनच्या आसपास थोडंसंच काहीतरी खा. एखादं केळं, नाहीतर गुळाचा खडा आणि मूठभर चुरमुरे. शेंगदाण्याची चिक्की चांगलीच, पण ती मॅच संपल्यावर.

मध्यंतरात जेवायचं नसतं. संत्र्या-मोसंबीच्या दोन फोडी, नाहीतर थोडं सरबत. बस्स.

मॅच संपल्यावर तासाभरात काहीतरी पोटात जायला हवं, कारण रिकाम्या कणगीत भर घालायची असते. शिवाय दमलेल्या स्नायूंची डागडुजी करायला प्रथिनं लागतात. दूध आणि केळं, मटकीची उसळ आणि भाकरी, दही-भात, उकडलेलं अंडं आणि पोळी. यातलं जे घरात असेल ते खा. पैलवानाचं दूध खरं कामाला येतं ते इथं! गंगावेशीत म्हशीच्या धारेखाली पेला धरून दूध प्यायची कोल्हापूरची जुनी हौस आहे. तुम्ही मात्र दूध तापवूनच प्या.

आणि हो, पावडरीचे महागडे डबे जाहिरातीत कितीही छान दिसले तरी तुमच्या वयाला त्यांची गरज नाही. डाळ, उसळ, दूध, अंडी यांतून लागतील तेवढी प्रथिनं मिळतात. ज्यांच्याकडं डब्याचे पैसे नाहीत त्यांनी मुळीच वाईट वाटून घेऊ नका.

माठ आणि घाम

आता पाण्याकडं वळू. माठातलं पाणी गार का होतं? माठाच्या अंगावर पाणी पाझरतं, त्याची वाफ होते आणि जाताना ती उष्णता घेऊन जाते. आपलं शरीरही अगदी असंच! धावताना स्नायू तापतात, मग घाम येतो. तो वाळताना अंग थंड होतं. आता माठात पाणीच नसेल, तर तो पाझरणार कसा?

मुंबई, कोकण, गोवा इथं राहणाऱ्या मित्रांना आणखी एक अडचण असते. तिथल्या दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता ओघळतो. अंग भिजतं, पण थंड होत नाही. म्हणून तिथं जास्त जपायला हवं.

आपल्या वजनाच्या शंभरातले दोन भाग पाणी कमी झालं, तरी खेळ मंदावू शकतो. तुमचं वजन ४० किलो असेल, तर दोन भाग म्हणजे ८०० ग्रॅम. पाण्याच्या हिशेबात चार पेले. खेळाच्या नादात तर तहान लागलेलीही कळत नाही. म्हणून तहानेची वाट पाहू नका.

मग किती प्यायचं? मॅचआधी दोन-तीन तास असताना एक-दोन पेले. खेळ सुरू असताना दर वीस मिनिटांनी, संधी मिळेल तेव्हा, अर्धा ते एक पेला. मोठ्या मुलांना थोडं जास्त लागतं. पण एका दमात बाटली रिकामी करायची नाही. पाणी पोटात डुचमळतं ते त्यामुळंच. घामापेक्षा फार जास्त पाणी भराभर पिणंही बरं नाही. त्यानं रक्तातलं मीठ पातळ होतं. घोट घोट प्या आणि ही सवय सरावातच लावून घ्या.

पाणी पुरेसं झालं की नाही ते कसं ओळखायचं? हसू नका हं! लघवीचा रंग बघा. लिंबूपाण्यासारखा फिकट असेल तर छान. हळदीच्या पाण्यासारखा गडद असेल तर आणखी पाणी प्या.

घरचं सरबत

तासाभराच्या आतल्या खेळाला साधं स्वच्छ पाणी पुरतं. खेळ लांबणार असेल किंवा ऊन कडक असेल, तर हे सरबत करून न्या. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, साखर १० लहान सपाट चमचे, मीठ पाव चमचा आणि दोन लिंबांचा रस. साखरेऐवजी आपला कोल्हापुरी गूळही चालेल. कोकणातल्या आणि गोव्यातल्या मित्रांनी लिंबाऐवजी कोकम घ्यावं.

साखर आणि मीठ दोन्ही कशाला? आतड्यात ही दोघं हातात हात घालून आत शिरतात आणि पाण्यालाही सोबत ओढून नेतात. याच युक्तीनं १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धाच्या वेळी हजारो जीव वाचले. बनगाव इथल्या निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली होती आणि सलाईन पुरत नव्हतं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी रुग्णांना साखर-मिठाचं पाणी पाजलं. त्यांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. मात्र जुलाब होत असतील तर आपलं सरबत नको. तेव्हा दवाखान्यातलं ओआरएसचं पाकीटच हवं.

कोला पेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ८ चमचे साखर असते. आपल्या सरबताच्या तेवढ्याच पेल्यात तीन चमचे. शिवाय कोलातल्या वायूनं पोट फुगतं ते वेगळंच. आणि 'एनर्जी'च्या नावाखाली मिळणाऱ्या, कॅफिन घातलेल्या पेयांना तर तुमच्या वयात हातच लावू नका.

पाणी मागणं म्हणजे रडेपणा नव्हे

"खेळताना पाणी प्यायचं नसतं, सवय बिघडते," असं अजून काही जण सांगतात. त्यांना ही हकिगत सांगा. ब्राझीलमधल्या २०१४ च्या विश्वचषकात २९ जूनला फोर्तालेझा इथं नेदरलँड्स आणि मेक्सिको यांचा सामना झाला. उकाडा इतका होता, की पंचांनी दोन्ही अर्धांत खेळ थांबवला आणि खेळाडूंना पाणी पिऊ दिलं. जगातले कसलेले खेळाडू पाण्यासाठी थांबले, तिथं तुम्हाला लाज कसली?

फुटबॉलच्या नियमावलीतला सातवा नियम वेळेबद्दल आहे. त्यात पाणी पिण्यासाठी एक मिनिटापर्यंत आणि अंग थंड करण्यासाठी दीड ते तीन मिनिटांपर्यंत थांबता येतं. स्पर्धेच्या नियमांत मात्र तशी सोय ठेवावी लागते. तेव्हा मॅच ठरवतानाच कॅप्टननं सरांना किंवा पंचांना नम्रपणे विचारावं, "सर, आज ऊन आहे. मधे पाण्यासाठी थांबू या का?" हे विचारणंही कॅप्टनचंच काम आहे. त्या दिवशी कुणाचा उपास असेल, रोजा असेल, तर त्याच्याशी बोलून सराव उन्हं उतरल्यावर ठेवा.

आता हे नीट वाचा. उन्हात खेळताना कुणाचं डोकं दुखू लागलं, चक्कर आली, मळमळलं, पोटऱ्यांत गोळे आले, तर त्यानं लगेच सावलीत बसायचं आणि घोट घोट पाणी किंवा सरबत प्यायचं. पण तो असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात असू शकतो. त्यात जिवाला धोका असतो. अशा वेळी मोठ्यांना हाक मारा, १०८ ला फोन करा. त्याला सावलीत नेऊन अंगावर भरपूर पाणी ओता आणि वारा घाला. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

मैत्रिणींनो, तुमच्यासाठी

आता मुलीही जोरात फुटबॉल खेळू लागल्या आहेत, शाब्बास! पण आपल्या देशात १५ ते १९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी असल्याचं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. रक्तातला प्राणवायू स्नायूंपर्यंत हेच हिमोग्लोबिन नेतं. ते कमी असेल तर थोडं धावलं तरी धाप लागते. म्हणून हिरव्या पालेभाज्या, मोड आलेली मटकी, हळीव हे ताटात येऊ द्या. वर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागतं. जेवणाबरोबरचा चहा लोह अडवतो, म्हणून तो नको. आणि "आधी भावाला वाढू दे" म्हणून तुम्ही अर्धपोटी राहू नका. धावायचं तुम्हालाही आहे! फार थकवा वाटत असेल तर शाळेत येणाऱ्या डॉक्टरांना तपासायला सांगा.

करून पाहा : घामाचा हिशेब

येत्या रविवारी खेळायच्या आधी आणि नंतर, घाम पुसून, कमी कपड्यांत वजन करा. वजनकाटा घरी नसेल तर आरोग्य केंद्रात किंवा शाळेत असतो. खेळताना किती पेले प्यायलात तेही लिहून ठेवा. वजन अर्धा किलो घटलं असेल, तर पुढच्या काही तासांत साधारण तीन पेले, थोडं थोडं करून प्या. वजन वाढलं असेल तर गरजेपेक्षा जास्त प्यायलात असं समजा. असे चार रविवार वहीत मांडा, म्हणजे तुमचं माप तुम्हालाच कळेल.

आमच्या त्या सातवीतल्या मुलाचा डबा आता मैदानावर येतो. मॅचच्या दिवशी एक वाजता सगळा संघ वडाखाली गोल करून जेवतो. कुणाकडं भाकरी-ठेचा असतो, कुणाकडं चपातीचा लाडू, कुणाकडं नुसता आमटी-भात. ज्याचा डबा आला नाही, त्याला सगळ्यांच्या डब्यातलं थोडं थोडं मिळतं. तुमच्या संघातही एखादा मित्र दुपारी "भूक नाही" म्हणत बाजूला बसत असेल. या रविवारी त्याला हाक मारा आणि स्वतःच्या डब्यात त्याच्यासाठी एक भाकरी जास्त आणा.