गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे



कायदा म्हणजे साहेबाच्या टेबलावरचा कागद, आपल्याला त्याचं काय, असं आम्हांला वाटायचं. पण एका ओळीनं गिरणगावाचं काय झालं ते बघा! १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ वा नियम सांगत होता: गिरणीची जमीन विकासाला काढली, तर साधारण एक वाटा पालिकेच्या मैदानांना, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१ साली सरकारनं दुरुस्ती केली, वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची! आता गिरणीत मोकळी जमीन असते कुठं? साचेखातं, गोदाम, चिमणी, सगळी बांधलेलीच. मैदानाचा नि घरांचा वाटा आक्रसला. २००६ साली सुप्रीम कोर्टानंही ती दुरुस्ती उचलून धरली.

जिथं साचे धडधडले तिथं कचेऱ्या नि मॉल आले, लोकलनं माणसं लोटू लागली, स्टेशनचा जिना मात्र तेवढाच. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ जीव चेंगरून गेले. पाऊस आला म्हणून, म्हणे! इमारतींना परवानगी देताना पुलाची रुंदी कुणी मोजली होती का?

आम्ही चौथीपर्यंत शिकलेली माणसं, पण वाटणीचा हिशेब आम्हांला येतो. प्रत्येक गिरणीचा मूळ नकाशा नि तिन्ही वाट्यांचे आकडे तिच्या गेटावर लावा.