लॉकेटात मनुदेवीची हवा?

मे संपत आला की जळगाव-धुळ्यात दुपारनंतर हवा अंगावर बसते. पारा 45 च्या आसपास, डोकं ठणकतं, घरात विनाकारण खटके उडतात. मग आभाळ भरून येतं, वावधन सुटतं, रावेर-यावलकडे उभ्या केळीच्या बागा आडव्या होतात. पाऊस पडून गेला की मात्र जीव हलका होतो. हा सगळा आयनांचा खेळ आहे, असं सांगत यंत्रं, मिठाचे दिवे आणि लॉकेटं विकली जातात. म्हणे धन आयन माणसाला चिडचिडं करतात, ऋण आयन प्रसन्न ठेवतात.

यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते पटकन पटतं. हवेच्या रेणूनं इलेक्ट्रॉन गमावला की धन आयन, मिळवला की ऋण. जमिनीतून झिरपणारा रेडॉन वायू आणि अवकाशातून येणारे वैश्विक किरण हे काम अखंड करत असतात. साध्या मोकळ्या हवेत एका घन सेंटिमीटरमध्ये असे काहीशे आयन सापडतात. वादळी ढगाचा तळ बहुधा ऋण भाराचा असतो. त्याच्याखाली झाडांच्या शेंड्यांतून धन आयन सुटतात. उलट, पाणी कोसळून फुटतं तिथे हवेत ऋण आयन वाढतात. जर्मन शास्त्रज्ञ फिलिप लेनार्ड यांनी 1892 मध्ये धबधब्यांजवळची ही गोष्ट अभ्यासली. पावसाळ्यात सातपुड्याच्या कुशीत मनुदेवीच्या किंवा धुळ्याजवळ लळिंगच्या धबधब्याला गेलं, तर तिथल्या हवेतही हेच घडत असणार.

पण मनुदेवीला बरं वाटतं ते आयनांमुळेच, हे कशावरून? तिथे गारवा असतो, सावली असते, धूळ बसलेली असते, घरची कामं मागे राहिलेली असतात. पावसाआधीच्या घुसमटीचंही तसंच. हवेत दमटपणा वाढला की घाम सुकत नाही आणि कूलरही गार करत नाही, कारण दोघांची मदार पाणी उडून जाण्यावर. एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

बंद खोलीत, माणसाला कळू न देता आयनयंत्र चालू-बंद करून अनेक प्रयोग झाले. त्यांचा एकत्रित आढावा 2013 मध्ये आला. चिंता, झोप, मनाचा निवांतपणा यांवर आयनांचा ठाम परिणाम त्यात दिसला नाही. खूप दाट ऋण आयन दिलेल्या रुग्णांचं नैराश्य काहीसं उतरलं, हा एकच अपवाद. त्यातले गाजलेले प्रयोग न्यूयॉर्कमधले, हिवाळ्यात ऊन कमी मिळाल्यानं येणाऱ्या नैराश्यावरचे. खानदेशात उन्हाची टंचाई कधी होती? बाजारातल्या यंत्रातून तेवढे दाट आयन मिळतील याचीही खात्री नाही. काही यंत्रं ओझोनही सोडतात, आणि दमेकऱ्याच्या छातीला तो बाधतो. यंत्रानं खोलीतली थोडी धूळ भारित होऊन भिंतीला चिकटते, एवढं खरं.

लॉकेटांची गोष्ट मात्र मला अस्वस्थ करते. डिसेंबर 2021 मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणानं लॉकेट, झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी, लहान मुलांचं ब्रेसलेट अशी दहा उत्पादनं वापरू नका, असं बजावलं. त्यांतून किरणोत्सर्ग होत होता. अशा वस्तू आयन सोडतात हा दावा खोटा असेलच असं नाही. किरणोत्सर्गी खनिज हवेत आयन तयार करतंच. पण ते खनिज कातडीला लावून रात्रंदिवस वागवायचं?

अशी वस्तू घेणाऱ्याला मी दोष देत नाही. झोप उडालेला, कर्जानं खचलेला माणूस ती घेतो, कारण मन आजारी आहे हे बोलण्यापेक्षा हवा वाईट आहे म्हणणं आपल्याकडे सोपं जातं. त्याला लॉकेट विकणं हा माझ्या मते अपराध आहे. त्याच्यासाठी 14416 हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी क्रमांक आहे. फोन फुकट लागतो, कुठल्याही वेळी लागतो, आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो.