दुधाच्या दातांची साक्ष

दुधाचा दात पडला की तुम्ही काय करता? आम्ही लहानपणी तो उंदराच्या बिळात टाकायचो, नाहीतर कौलांवर भिरकवायचो. उंदराकडे त्याच्यासारखे बळकट दात मागायचे, अशी पद्धतच होती. पण १९५९ च्या सुमारास अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरातली मुलं आपला पडलेला दात पाकिटात घालून शास्त्रज्ञांकडे पाठवू लागली. कशासाठी, ठाऊक आहे? अणुबॉम्बच्या चाचण्यांचा परिणाम मोजण्यासाठी!

दातानं बॉम्ब कसा मोजायचा? सांगतो. पण त्याआधी थोडं मागं जाऊ या.

अणुस्फोटात मुख्यतः दोन गोष्टी मोजाव्या लागतात. एक त्याचा धक्का आणि दुसरा त्याचा किरणोत्सर्ग. जगातला पहिला अणुस्फोट १६ जुलै १९४५ रोजी पहाटे न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात झाला. तिथून सुमारे १६ किलोमीटरवर एन्रिको फर्मी हे थोर शास्त्रज्ञ उभे होते. वीज आधी चमकते आणि गडगडाट मागाहून येतो ना, तसंच तिथंही झालं. प्रकाश लगेच दिसला, पण हवेचा धक्का पोचायला सुमारे ४० सेकंद लागले. तेवढ्यात फर्मींनी हातातले कागदाचे कपटे खाली सोडायला सुरुवात केली. धक्का आला आणि कपटे सुमारे अडीच मीटर दूर जाऊन पडले. तेवढ्यावरून त्यांनी हिशेब मांडला : हा स्फोट १० हजार टन टीएनटीच्या स्फोटाइतका असावा. पुढं बारकाईनं मोजमापं झाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तो जवळजवळ २५ हजार टनांइतका होता. म्हणजे फर्मींचा अंदाज कमीच पडला. पण नुसत्या कागदाच्या कपट्यांवरून एवढं सांगणं ही काय साधी गोष्ट आहे?

धक्का असा लगेच कळतो. किरणोत्सर्गाचं मात्र तसं नाही. तो दिसत नाही, त्याला वास नाही, आवाज नाही. स्फोटातून निघालेली किरणोत्सारी धूळ वाऱ्याबरोबर शेकडो, हजारो किलोमीटर जाते आणि पावसाबरोबर खाली येते. तिच्यात स्ट्रॉन्शियम-९० नावाचा पदार्थ असतो. हा मोठा लबाड बरं का! त्याचे गुण कॅल्शियमसारखे. तो गवतावर पडतो, गवत गाय खाते, गायीचं दूध मूल पितं आणि शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत आणि दातांत बसवून टाकतं. त्याची किरणं निम्मी व्हायला सुमारे २९ वर्षं लागतात.

चाचण्या तर एकामागून एक चालूच होत्या. घाबरण्याचं कारण नाही, असं सरकारी अधिकारी सांगत. पण मुलांच्या अंगात हे विष किती गेलं, हे कुणी मोजलं होतं? हाडं काही काढून पाहता येत नाहीत. दुधाचे दात मात्र आपोआप पडतात! म्हणून डॉ. लुईझ रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दात गोळा करायला घेतले. दाताबरोबर एक फॉर्म भरायचा. मुलाचा जन्म कधीचा, त्या वेळी आई कुठं राहत होती, बाळ आईचं दूध पीत होतं की बाटलीचं? दात देणाऱ्याला बिल्ला मिळे : 'मी माझा दात विज्ञानाला दिला'. असे तीन लाखांहून अधिक दात जमले.

दात म्हणजे जणू रोजनिशीच. दुधाचा दात घडतो जन्माच्या आगेमागे आणि पडतो सहा-सात वर्षांनी. त्यामुळे १९६० मध्ये पडलेला दात १९५३-५४ ची हकिगत सांगे. १९६१ मध्ये पहिले निष्कर्ष छापून आले. चाचण्या वाढल्या तसं दातांतलं स्ट्रॉन्शियमही वाढलं होतं. पुढं तर असं दिसलं, की १९६३ मध्ये जन्मलेल्या मुलांच्या दातांत ते १९५० मधल्या मुलांपेक्षा सुमारे ५० पट होतं.

हे आकडे पाहून आईवडील खडबडून जागे झाले. चाचण्यांविरुद्ध लोकमत तयार होण्यात या दातांचाही वाटा होता. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिका, रशिया आणि ब्रिटन यांनी हवेत, पाण्याखाली आणि अंतराळात चाचण्या न करण्याचा करार केला. आपल्या देशानंही त्यावर सही केली. पोखरणच्या १९७४ आणि १९९८ च्या चाचण्या जमिनीखाली झाल्या, त्या म्हणूनच. करारानंतर जन्मलेल्या मुलांच्या दातांतलं स्ट्रॉन्शियम कमी होत गेलं.

फर्मींना माप मिळालं काही सेकंदांत. किरणोत्सर्गाचं माप हाती यायला मात्र मुलांचे दात पडेपर्यंत थांबावं लागलं आणि तोवर तो त्यांच्या अंगात जाऊन बसलाही होता. म्हणून काही गोष्टी मोजून झाल्यावर नव्हे, आधीच थांबवायच्या असतात.

आता तुमच्यासाठी प्रश्न : तुमचा पहिला दात कधी पडला? तो कोणत्या वर्षाची हकिगत सांगेल? आईबाबांना विचारून हिशेब करा पाहू!